पावसाळ्यात गप्प, शिमग्याला कहर: एका सागवानी पलंगाच्या कुरकुरीचा तपास

पलंग सागवानी, साडेसहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. संगमेश्वरकडच्या एका घरात साधारण पन्नास वर्षांपूर्वी सुताराला अंगणात बसवून करून घेतलेला. लाकूड घरच्याच जागेतल्या सागाचं. आडव्या पट्ट्या तेवढ्या आंब्याच्या, आणि त्यावर फणसाच्या फळ्या. गावचं घर बंद झालं तेव्हा पलंग सुटा करून टेम्पोतून पुण्यात आला आणि कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला उशी करून लागला. पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग कुरकुर सुरू झाली. काकांनी कूस बदलली की काकूंना जाग, काकू पाणी प्यायला उठल्या की काकांना. शेवटी काकूंनी अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं आणि जुनं फर्निचर घेणाऱ्याला फोन केला. त्याने भाव सांगितला तो ऐकून त्यांच्या मुलाने आमच्याकडे विचारणा केली.

मी जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं काम करतो, आणि ‘आवाज करतो म्हणून काढून टाकतोय’ हे वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. ‘लाकूड जुनं झालं, आता आवाज करणारच’ हे त्याच्याच जोडीचं. दोन्ही मला मनापासून खटकतात, कारण लाकूड जुनं झाल्यामुळे वाजत नाही. नीट वाळलेला, कीड न लागलेला साग पन्नास वर्षांनीही तेवढाच कणखर असतो. वाजतो तो सांधा. आणि सांधा का वाजतो हे शोधता येतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधीची माहिती

पलंगाला हात लावण्याआधी मी काकूंना एकच गोष्ट खोदून खोदून विचारली: आवाज वर्षभर सारखाच असतो का?

“छे रे. श्रावणात नसतो. गणपतीत माणसं येतात, झोपतात, काही नाही. दिवाळी झाली की हळूहळू चालू. आणि शिमग्याच्या सुमारास तर कहर.”

एवढ्या उत्तरात अर्धा तपास झाला. ज्याचा आवाज पावसात थांबतो आणि उन्हाळ्यात वाढतो, त्याचा संबंध लाकडातल्या ओलाव्याशी आहे. मोडलेली पट्टी किंवा तडकलेला पाय ऋतू बघून वाजत नाही.

दुसरी चौकशी आधीच्या उपायांची. ती नेहमी करावी, कारण बऱ्याचदा मूळ दुखण्यापेक्षा उपायांनीच जास्त वाट लावलेली असते. इथे तीन झाले होते. काकांनी सांध्यांत खोबरेल तेल सोडलं, चार-आठ दिवस शांतता, मग पुन्हा तेच. त्यानंतर सोसायटीत काम करणाऱ्या एका कारागिराने उशाकडच्या दोन्ही सांध्यांत बाहेरून तीन इंची तीन-तीन खिळे ठोकले आणि आतल्या कोपऱ्यांत लोखंडी एल-पट्ट्या स्क्रूने बसवल्या. आणि मध्ये कधीतरी फणसाच्या फळ्या काढून त्यांच्या जागी प्लायवूड आलं होतं, तेही खिळ्यांनीच.

आवाज होतो म्हणजे काय होतं

लाकडाच्या दोन पृष्ठभागांना एकमेकांवर घसरायचं असतं, पण घर्षण त्यांना धरून ठेवतं. माणूस बसला की पलंगाची पट्टी किंचित वाकते, जोर साठत जातो, एका क्षणी पकड सुटते, पृष्ठभाग केसभर सरकतात आणि पुन्हा अडकतात. हे अडकणं-सुटणं सेकंदाला कितीतरी वेळा होतं. जागच्या जागी चिकटून राहिलेल्या वस्तूला हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ती सरकती ठेवायला पुरतो. या फरकामुळेच सगळं धक्क्याधक्क्याने घडतं. प्रत्येक धक्का लाकडाला थरथरवतो. सांधा स्वतः लहान असतो, त्याचा आवाजही लहान, पण त्याला जोडलेली उशाकडची रुंद पाटी ती थरथर घेऊन खोलीभर पसरवते. म्हणूनच आवाज नक्की कुठून येतोय हे पलंगावर झोपलेल्याला कधीच नीट सांगता येत नाही.

आवाज व्हायला दोन अटी आहेत. पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले हवेत, आणि ते हलायला मोकळे हवेत. घट्ट बसलेला सांधा वाजत नाही, पूर्ण सुटलेलाही कुरकुरत नाही, तो खडखडतो. कुरकुर ही मधल्या अवस्थेची आहे. नवा सांधा ढिला होत त्या अवस्थेत पोचतो, त्याला वर्षं लागतात.

ओलाव्याचा हिशोब

वाळलेलं लाकूडही हवेतला दमटपणा घेत आणि सोडत राहतं. कोकणात आषाढ-श्रावणात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर राहते. तशा हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १७ ते २० टक्के पाणी असतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा अगदी सुकी होते आणि लाकडातला ओलावा ७-८ टक्क्यांपर्यंत उतरतो. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत आणि कुठल्या विभागात कुठल्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल हे दिलं आहे, ते याचसाठी. संगमेश्वरचं सामान पुण्यात येतं तेव्हा ते दुसऱ्या हवेत येतं. कोकणात असताना हा पलंग दरवर्षी फुगायचा आणि थोडा आकसायचा. पुण्यात आल्यावर त्याला आकसण्याची नवीन खोल पायरी मिळाली, आणि पश्चिमेच्या भिंतीचं ऊन, वरचा पंखा यांनी ती आणखी खोल केली.

आता मुख्य मुद्दा. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. ओल्या सागाचं पार कोरडं लाकूड होईपर्यंत ते वाढीच्या वलयांच्या बाजूने सुमारे ५ ते ६ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच, ०.१-०.२ टक्के. इतर बऱ्याच लाकडांच्या मानाने साग शहाणा आहे. तरीही रुंदीत ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे सुमारे ०.२ टक्के हालचाल धरावी लागते.

पलंगाच्या सांध्यात काय असतं ते पाहा. बाजूची लांब पट्टी पाच इंच उंचीची. तिच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत जाणारी जीभ, काढलेलं: साडेचार इंच उंच, अर्धा इंच जाड, दोन इंच लांब. ते पायातल्या तेवढ्याच उंचीच्या खाचेत बसतं. कुसवाची उंची म्हणजे पट्टीची रुंदी, म्हणजे लाकडाच्या रेषांना (तंतूंना) आडवी, ती आकसते. खाचेची उंची म्हणजे पायाची लांबी, म्हणजे रेषांच्या बाजूने. ती आकसत नाही. साडेचार इंचांचं कुसू १६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं की त्याची उंची १.६ टक्के कमी होते, म्हणजे पावणेदोन-दोन मिलिमीटर. सुताराच्या भाषेत अर्ध्या सुताहून थोडं जास्त (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खाच मात्र होती तेवढीच. सुताराने कितीही जीव ओतून बसवलेला असो, इथे फट पडणारच. दोन लाकडं काटकोनात जोडली की हे अटळ आहे.

पण एवढ्याने ‘वर्षानुवर्षं वाढत जातो’ हे कळत नाही. पाऊस आला की कुसू पुन्हा फुगून फट भरायला हवी, आणि उन्हाळ्यात दरवर्षी तेवढीच फट पडायला हवी. प्रत्यक्षात दर उन्हाळ्यात थोडी जास्त पडते. कारण फुगणाऱ्या कुसवाला खाचेत जागा नसते. भिंती आवळतात, लाकूड आतल्या आत चिरडलं जातं. रेषांना आडवा दाब लाकूड फार सोसत नाही, साधारण एक टक्क्याच्या पुढे तंतू कायमचे दबतात. मग कोरड्या दिवसांत ते कुसू आधी होतं त्याहून लहान होतं. ज्याने गावी कुदळ वापरली आहे त्याला हे माहीत असतं. दांडा ढिला झाला की कुदळ रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी दांडा घट्ट, आणि उन्हात वाळली की पहिल्यापेक्षा ढिला. पलंगाच्या सांध्याला दर पावसाळ्यात हेच होत असतं, फक्त सावकाश.

पलंग उघडण्याआधी

आमच्याबरोबर काम करणारे मिस्त्री चिपळूणकडचे आहेत. त्यांनी गादी काढायला लावली आणि सगळ्यात आधी चार पाय पाहिले. पायथ्याकडचा डावा पाय टाइलवर टेकत नव्हता. खालून पोस्टकार्ड आरपार गेलं. म्हणजे एक आवाज फुकटचा. काठावर कुणी बसलं की तो पाय ‘टक्’ करून खाली बसायचा. याला पलंगाचा सांधा जबाबदार नाही, खालची फरशी आहे. घरोघरी कुरकुरीची तक्रार घेऊन जातो तेव्हा यातली कितीतरी प्रकरणं या पोस्टकार्डाशीच संपतात. म्हणून पहिला हात पायाला घालावा.

मग कीड. आंब्याच्या पट्ट्यांत भुंगा लागतो, म्हणून खाली काळा कागद पसरून हातोडीच्या लाकडी मुठीने सगळ्या पट्ट्या ठोकल्या. एका पट्टीखाली पिवळसर पीठ पडलं, पण भोकं जुनी, काळवंडलेली, आणि लाकूड आतून टणक. ती तशीच ठेवली. सागाला काहीच नव्हतं.

नंतर आवाजाची जागा. मिस्त्रींनी पट्टी मध्यावर दोन्ही तळव्यांनी दाबत-सोडत राहायचं आणि मी लांब पेचकसाचं टोक सांध्यावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची. वाहनांचे मेकॅनिक इंजिनाचा आवाज असाच ऐकतात. पायथ्याकडचे दोन सांधे शांत. उशाकडचा उजवा किंचित. उशाकडचा डावा, खिडकीजवळचा, ऊन लागणारा, तो दर दाबाला ‘कुईं’ करत होता. प्लायवूड वेगळंच चुरचुरत होतं, सगळीकडे थोडं थोडं. ओलावा मोजायच्या मीटरने पट्टीच्या मध्यावर ८ टक्के दाखवले.

मुलाला वाटत होतं पलंगाचा एक आवाज आहे. निघाले तीन, तीन वेगळ्या कारणांचे. एकाच उपायाने ते जाणार नव्हते, आणि आधीच्या तीनही उपायांचं अपयश बऱ्याच अंशी यातच होतं.

सांधा उघडल्यावर

एल-पट्ट्या काढल्या. त्यांच्या आठ स्क्रूंपैकी निम्मे हातानेच फिरत होते. लोखंड हलत नाही, लाकूड हलतं, त्यामुळे स्क्रूची भोकं मोठी होतात. पट्टी आणि लाकूड यांच्यात घासणारी आणखी एक जागा तयार झाली होती, तिच्या खुणा काळ्या चकचकीत पडल्या होत्या.

खिळे काढायला वेळ लागला. ते पायातून आरपार कुसवात गेले होते, एकाखाली एक, आणि गंजून धरून बसले होते. कुसू उन्हाळ्यात उंचीला आकसायला बघतं आणि तीन खिळे त्याला तीन ठिकाणी जखडतात. मग ते फुटतं. वरच्या आणि मधल्या खिळ्याच्या मध्ये, रेषांच्या बाजूने, नखाने जाणवेल अशी चीर गेली होती. आणखी दोन उन्हाळे गेले असते तर कुसवाचा वरचा तुकडा सुटून आला असता. सांध्यात खिळा ठोकण्याबद्दल मला एवढा राग का येतो ते हेच. खिळा पहिल्या दिवशी आवाज थांबवतो, म्हणून तो बरोबर वाटतो. लाकडाला हलायची गरज आहे हे तो मोडून काढायला जातो, आणि मोडतं लाकूड.

मूळची खुंटी, म्हणजे पाय आणि कुसू यांतून आडवी जाऊन सांधा धरणारी मेख, गोल सागवानी होती, अजून चांगली. ती बाहेर काढून पट्टी ओढली, कुसू विनासायास हातात आलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या सुताराचं काम पाहून मिस्त्री थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “पटाशीचा एक घाव वाकडा नाय.” कुसवाच्या गालांवर, म्हणजे दोन रुंद बाजूंवर, रंध्याची सफाई होती. सांध्यात सरस वापरलेला नव्हता. पलंग सुटा करता यावा म्हणून तो मुद्दाम कोरडा ठेवलेला. कोकणात हे शहाणपणाचंच. सरस दमट हवेत नरम पडतो.

आता कुसवाला सगळीकडून निळा खडू घासला, ते परत खाचेत बसवलं, पट्टी पाच-सात वेळा दाबली आणि पुन्हा बाहेर काढलं. खडू दोनच ठिकाणी पुसला गेला होता: खालच्या कडेला, अगदी तोंडाशी, आणि वरच्या कडेला, अगदी टोकाशी. हेच व्हायला हवं होतं. पट्टीच्या मध्यावर वजन आलं की पट्टी खाली वाकते, तोंडाशी कुसू खाली दाबतं आणि आतलं टोक वर उचललं जातं. या दोन जागी बोटाच्या पेराएवढे डाग पडले होते, गर्द तपकिरी, काचेसारखे गुळगुळीत, बाकीच्या कुसवावर रेषा स्पष्ट दिसत असताना या डागांवर त्या दिसतही नव्हत्या. सगळा आवाज तिथून येत होता. सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो, म्हणून साग इतर लाकडांपेक्षा कमी कुरकुरतो. पण वर्षानुवर्षं एकाच जागी घासून त्याला चकाकी आली, त्यात धूळ आणि वाळून चिकट झालेलं खोबरेल मिसळलं, की तोच पृष्ठभाग पकड धरायला आणि सोडायला लागतो.

खाचेत वरखाली किती जागा आहे ते मोजलं: बरोबर एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. आकसण्याचा हिशोब दोन मिलिमीटरपर्यंतच पोचत होता. उरलेला मिलिमीटरभर म्हणजे पन्नास पावसाळ्यांत चिरडलेले तंतू आणि झीज. दोन्ही गालांना मात्र जेमतेम व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट होती, कारण जाडीच्या दिशेने कुसू आणि खाच बरोबरीनेच आकसतात.

काय केलं आणि का

काम एप्रिलमध्येच करायचं हे आम्ही आधी ठरवलं होतं. मुलाला पाऊस सुरू झाल्यावर सोयीचं होतं, पण पावसात फुगलेला सांधा सांधाच वाटत नाही, सगळं घट्ट लागतं. त्यावर माप घेतलं तर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिला पाढा. कोरड्या दिवसांत घट्ट करायचं आणि फुगायला जागा ठेवायची.

चीर आधी. ती पटाशीच्या पात्याने किंचित उघडून, अ‍ॅसिटोनने पुसून, आत पातळ इपॉक्सी ओतलं आणि शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवलं. सागाला कुठलाही गोंद लावायच्या आधी हे पुसणं चुकवू नये, नाहीतर लाकडाचं तेल गोंदाला धरू देत नाही. इथे तर खोबरेलही मुरलेलं होतं, त्यामुळे कापूस पांढरा येईपर्यंत पुसावं लागलं.

मग मिस्त्रींनी कुसवाच्या दोन्ही गालांना सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला, रेषा कुसवाच्याच दिशेने. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून जुन्या सागाचा तुकडा आणला होता, त्यातूनच तो काढला. नवं, अर्धवट वाळलेलं लाकूड वापरलं असतं तर सहा महिन्यांत तेच आकसलं असतं. वाळल्यावर रंध्याने एक-एक पापुद्रा कमी करत कुसू असं आणलं की तळव्याच्या जोराने आत जाईल पण स्वतःहून खाली घसरणार नाही. हातोडी लागली तर जास्त घट्ट समजायचं.

वर-खालची फट पूर्ण भरायचा मोह होतो. ती आम्ही भरली नाही. खालच्या कडेला मिलिमीटरभर जाडीची पट्टी लावली, म्हणजे कुसू खाचेच्या तळावर सपाट टेकेल आणि वजन खालीच उतरेल. वर दोन मिलिमीटर मोकळे ठेवले. पावसाळ्यात कुसू तेवढंच वर येणार आहे, त्याला येऊ द्यायचं. नाहीतर पुन्हा चिरडणं सुरू. सांधा धरून ठेवण्याचं काम गालांनी आणि पट्टीच्या खांद्याने (कुसवाच्या मुळाशी पायाला टेकणारी पट्टीची सपाट बाजू) करायचं, वरच्या कडेने नाही.

खांदा पायाला घट्ट ओढून धरायचं काम खुंटीचं. जुनी खुंटी पायाच्या बरोबर मध्यावर होती, आतल्या तोंडापासून दीड इंचावर. इथेही तोच हिशोब लागतो. पायातलं हे दीड इंच रेषांना आडवं आहे, ते आकसतं. कुसवातलं दीड इंच रेषांच्या बाजूने, ते नाही. कोरड्या दिवसांत खांदा पायापासून अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास सुटतो, आणि तेवढं पट्टीला डुलायला पुरेसं आहे. अंतर कमी केलं की सुटणंही कमी होतं. म्हणून जुनी भोकं सागाच्या गुल्ल्या ठोकून बुजवली आणि नवं भोक तोंडापासून पाऊण इंचावर पाडलं. कुसवातलं भोक पायातल्या भोकापेक्षा खांद्याच्या बाजूला दीड मिलिमीटर सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत खेचते आणि किंचित वाकून ताण धरून राहते. ही जुनी पद्धत आहे, आणि माझ्या मते पलंगाच्या सांध्याला यापेक्षा चांगलं काही नाही. लाकूड आकसलं तरी वाकलेली खुंटी ओढतच राहते, आणि घर बदलायचं झालं तर मागून ठोकून ती काढता येते.

उशाकडच्या उजव्या सांध्यालाही हेच केलं. पायथ्याकडच्या दोघांना हात लावला नाही.

बसवायच्या आधी कुसवाच्या कडांना साधी पांढरी मेणबत्ती घासली. मेण आणि तेल यांत लोक फरक करत नाहीत, तो करायला हवा. तेल लाकडात मुरतं, काही दिवसांत पृष्ठभाग पुन्हा कोरडा, वर धूळ धरते आणि पुढे कधी गोंद लावायचा झाला तर अडचण करते. मेण पृष्ठभागावर राहतं. टाल्कम पावडरही तात्पुरती चालते, कुठला सांधा वाजतोय हे ओळखायला तर चांगलीच: पावडर टाकल्यावर आवाज थांबला की जागा सापडली.

प्लायवूडचं काम सोपं. खिळे उपसले. प्लायवूड जवळजवळ आकसत नाही आणि खालच्या आंब्याच्या पट्ट्या आकसतात, म्हणून खिळे सैल पडून दर हालचालीला भोकांत वरखाली होत होते. पट्ट्यांवर फेल्टची पट्टी लावली आणि प्लायवूडला कडेच्या बाजूने लांबट भोकं पाडून मोजकेच स्क्रू दिले, आवळून नाही. काकूंना मूळच्या फणसाच्या फळ्या परत हव्या होत्या, पण त्या गावीच कुणाला देऊन टाकल्या होत्या. टाइलवर न टेकणाऱ्या पायाखाली कातड्याचा जाड तुकडा चिकटवला.

याच घरात मुलाच्या खोलीत पार्टिकल बोर्डचा पलंग आहे, तोही कुरकुरतो, आणि त्याने विचारलं की त्यालाही असंच करता येईल का. नाही. त्यात कुसू नाही, रेषा नाहीत, लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत धातूची फिरकी अडकवलेली असते. चुरा एकदा भुगा होऊन भोक मोठं झालं की तिथे पुन्हा पकड येत नाही. भोक इपॉक्सीने भरून नव्याने पाडता येतं, थोडे दिवस टिकतं. मी त्याला तेवढंच सांगितलं.

पुढचं वर्ष

गणपतीनंतर पाहायला गेलो तेव्हा मीटर १५ दाखवत होता आणि कुसवाच्या वर ठेवलेली फट जवळपास भरली होती, पण कुठे दाब आल्याची खूण नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये ओलावा पुन्हा ८ वर. खांद्यात व्हिजिटिंग कार्ड जाईना, दोन्ही खुंट्या घट्ट. पट्टी दाबली तर सांध्यातून काही नाही. प्लायवूडच्या एका स्क्रूखाली बारीक चुरचुर होती, तिथे मेण घासलं, थांबली.

एक आवाज मात्र आहे आणि राहणार आहे. थंडीच्या दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास, पलंगावर कुणी हललेलं नसताना, उशाकडून एकच ‘टक्’ येतो. उशाच्या चौकटीत रुंद सागवानी फळी खोबणीत मोकळी बसवलेली आहे, तिला आकसायला-फुगायला जागा मिळावी म्हणून. मागे कधीतरी पॉलिश करताना कडेचं पॉलिश खोबणीत ओघळून वाळलं आणि फळी एका बाजूला चिकटली. रात्री हवा बदलली की ती किंचित हलायला बघते, अडते, आणि सुटते. ते मोकळं करायचं तर चौकटीचे चार सांधे उघडावे लागतील. ते सरसाने जोडलेले आहेत आणि पन्नास वर्षांनीही पक्के आहेत. एका टक्-साठी शाबूत सांधे उघडायचे नाहीत असं मिस्त्रींचं आणि माझं मत पडलं, काकूंनाही ते पटलं. फक्त पुढच्या वेळी पॉलिश होईल तेव्हा त्या कडेवरून आधी धारदार पातं फिरवून घ्यायचं, एवढं पलंगाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.